आज नगद, उद्या पियादिना

नारायणगडाच्या पायथ्याला इटालियन हॉटेल नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुण्याकडची चार हौशी मंडळी गाडी काढून निघायची आणि शिरूर कासारच्या रस्त्याला कुणाला तरी थांबवून पत्ता विचारायची. आमच्याकडे पत्ता विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणणं हा पाहुण्याचा अपमान समजतात. “हे काय, म्होरं गेलं की डाव्या अंगाला,” असं सांगून मंडळींना सुखरूप पाथर्डीला पोचवलं जाईल.

गडाच्या पायथ्याला असावं ते सगळं आहे. नारळ, बुक्का, तुळशीमाळा, पेढे, आणि पत्र्याखालची हॉटेलं. आमच्या भागात हॉटेल व्हायला फारसं काही लागत नाही. दोन बाकडी, एक शेगडी, भज्यांची कढई आणि कालचा पेपर एवढं जमलं की हॉटेल झालं. सकाळी पोहे किंवा सुशीला, दुपारी भजे, आणि चहा कायमचा. सुशीला हा चुरमुऱ्यांचा प्रकार आहे. परजिल्ह्यातला माणूस पहिल्यांदा बाकड्यावर बसून “सुशीला आहे का?” अशी आरोळी ऐकतो तेव्हा तो हॉटेलवाल्याच्या बायकोकडे सहानुभूतीने बघतो.

आणखी एक खुलासा. गड म्हटलं की ट्रेकिंगचे बूट घालून येणाऱ्यांनी ते घरीच ठेवावेत. हा नगद नारायण महाराजांचा गड, वारकऱ्यांचा. ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जाणारा. बीड जिल्ह्यात अशा गडांना तोटा नाही. तोफ एकावरही नाही. पण दसऱ्याला इकडे मेळावे होतात, आणि १२ ऑक्टोबर २०२४ ला मराठा आरक्षणासाठी नारायणगडावर झाला तसा मेळावा असला की आवाज थेट मंत्रालयापर्यंत जातो. तोफेचा पल्ला एवढा कधीच नव्हता.

अशा ठिकाणी इटलीचा विषय निघायला कारण माझा भाचा. पुढच्या शिक्षणासाठी तो बोलोन्याला गेलाय. माझी अक्का त्याला रोज व्हिडिओ कॉल करते आणि एकच विचारते, “जेवलास का? काय जेवलास?” अभ्यास, हवामान, भाडं, या गोष्टी तिच्या लेखी परदेशात नसतातच. एकदा हा पठ्ठ्या सुट्टीत समुद्राकाठी रिमिनीला गेला होता. त्यानं उत्तर न देता फोनच फिरवला. समोर रंगीत पट्ट्यांची एक टपरी. चार माणसं रांगेत. काउंटरच्या आड एक पोक्त बाई कणकेचा गोळा घेऊन लाटायली होती. अक्कानं काय केलं, तो चालू फोन घेऊन थेट पारावर आली.

तिथं बसलेल्या आमच्या आबांनी चष्मा पुसून पाहिलं. “ही बाई पोळी लाटायली का रं?”

“हां आबा. तिला पियादिना म्हणतात.”

“बाईला?”

“पोळीला, आबा.”

“मंग ह्यात इटली कुठंय?”

प्रश्न रास्त होता. पियादिना म्हणजे गव्हाचं पीठ, मीठ, पाणी, चिमूटभर सोडा आणि मोहन. गोल लाटायची, तापल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची, मध्ये सारण ठेवून दुमडायची आणि कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. इटलीच्या पूर्व अंगाला रोमान्या नावाचा मुलूख आहे, तिथली ही भाकर. सारणात नेहमीचं म्हणजे डुकराच्या मांसाचे पातळ काप, स्क्वाकेरोने नावाचं ओघळणारं मऊ चीज आणि रुकोला नावाचा जरा तिखटसर पाला. याच पोळीच्या कडा दाबून बंद केल्या आणि आत पालेभाजी किंवा भोपळा-बटाटा भरला की तिला क्रेशोनी म्हणतात. हे ऐकल्यावर पारावरच्या यच्चयावत बायका एका सुरात म्हणाल्या, “कानवला की!”

बायकांची परीक्षा पुरुषांपेक्षा कडक असते. हॉटेलवाल्या मावशींनी स्क्रीनवर बोट ठेवून निकाल दिला, “फुगली न्हाई. आणि डाग बघा केवढाले. एवढे डाग माझ्या सुनेनं पाडले असते तर मी...” सून शेजारीच उभी होती, म्हणून वाक्य तिथंच राहिलं. भाच्यानं तिकडून समजावलं की डाग पडायलाच पाहिजेत, ती त्या पोळीची खूण आहे. सुनेनं हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं. त्या घरात पुढं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

डागांवर एकमत असेल, जाडीवर मात्र रोमान्यातही नाही. रिमिनीकडची मंडळी पातळ आणि रुंद लाटतात. तीन मिलिमीटरच्या आत. वर फोर्ली-रावेन्नाच्या बाजूला जाडजूड आणि आकाराने लहान. चार ते आठ मिलिमीटर. दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या पोळीला पोळी मानत नाहीत. २०१४ मध्ये या पियादिनाला युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ही दोन्ही मापं कागदावर सेंटिमीटर-मिलिमीटरसकट लिहून घ्यावी लागली. आमच्याकडेही जाड भाकरी आणि पातळ भाकरी असे दोन पंथ आहेत. पण तो वाद कधी ब्रसेल्सला गेला नाही. सासू-सुनेत घरच्या घरी मिटतो. म्हणजे मिटत नाही, पण बाहेर जात नाही. मानांकन आम्हालाही मिळालंय, २०१६ मध्ये, बीडच्या सीताफळाला. सीताफळ डोंगरात आपोआप येतं, त्यामुळे त्याच्या जाडीवरून भांडायची सोय नाही.

मग आबांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. “केवढ्याला?”

“सारणावर आहे आबा. पाच युरो, सात युरो.”

“रुपयात सांग.”

“पाचशेच्या पुढंच धरा.”

पारावर हिशेब सुरू झाला. आमच्याकडे कुठल्याही रकमेचा हिशेब शेवटी ज्वारीत होतो. २०२४-२५ ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. म्हणजे पाचशे रुपयांत साडेचौदा किलो ज्वारी. (हमीभावानं कुणी घेतली तर. हे कंसातलं वाक्य पारावर सगळेच एकदम बोलले.) साडेचौदा किलोच्या भाकरी म्हणाल तर शंभर-सव्वाशे सहज. आबा बराच वेळ भाच्याकडे पाहत राहिले. एका बैठकीला सव्वाशे भाकरी खाणारं पोरगं आपल्या घराण्यात निघालं, याचं त्यांना दुःख झालं की अभिमान वाटला, ते चेहऱ्यावरून कळेना.

मी त्यांना धीर द्यायला सांगितलं की ही मुळात गरिबाचीच भाकर. १३७१ साली एका कार्डिनलसाहेबांनी रोमान्याची खानेसुमारी करून ठेवली, त्यात मोदिल्याना नावाच्या गावानं पोपच्या तिजोरीत करापोटी दोन पियादा, म्हणजे याच पोळ्या, भरायच्या, अशी नोंद आहे. नंतरच्या काळात गव्हाची टंचाई असली की लोक पिठात मक्याचं पीठ मिसळत. मिश्र पिठाची भाकर ही गरिबीची खूण तिकडंही होती. पुढे जोव्हान्नी पास्कोली नावाच्या कवीनं तिच्यावर कविता केली आणि तिला रोमान्याच्या लोकांची राष्ट्रीय भाकर ठरवून टाकलं. नंतर समुद्रकाठी पर्यटक आले, टपऱ्या उभ्या राहिल्या, आणि गरिबाची भाकर पाचशेला गेली. आबांच्या डोक्यात यातलं फक्त दोन पियादांचं राहिलं. “करापोटी दोनच भाकरी? आणि तलाठ्याला काय द्यायचे?”

सर्वात मोठा धक्का पुढेच होता. या पोळ्यांची साखळी दुकानं काढली ती रोमान्याच्या माणसांनी नाहीच. ‘ला पियादिनेरिया’ ही कंपनी १९९४ मध्ये निघाली ती ब्रेशियात, म्हणजे पार दुसऱ्या मुलखात. शेकडो दुकानं झाली. २०२४ मध्ये ती कंपनी एका बड्या गुंतवणूकदार कंपनीनं विकत घेतली. बातम्यांत आकडा होता साठ कोटी युरोच्या आसपास. रुपयांत पाच हजार कोटींच्या वर. या आकड्याचा ज्वारीत हिशेब करायला कुणी धजावलं नाही.

पाच हजार कोटी हे शब्द हवेत असताना पारावर तरुण पोरं बसलेली असणं धोक्याचं असतं. आमच्या भागात नोकरी नसलेल्या पोराला तीनच रस्ते दिसतात: पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा आणि हॉटेल. पहिल्या दोन्हींत वयाची अट आहे. पाच मिनिटांत नाव ठरलं, बोर्डाचा मजकूर ठरला, बोर्डावर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यावर दोन गट पडले आणि तिसऱ्या गटानं उद्घाटनाला कुणाला बोलवायचं ते सुरू केलं. पदार्थ कसा करायचा हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. तो शेवटी पडतो. तालुक्याच्या गाडीवर ‘चायनीज’ मिळतं ते कुठल्या चिनी माणसाला विचारून केलंय? कोबी, लाल रंग आणि मोठा आवाज करणारा झारा, एवढ्यावर आमचं चीन उभं आहे. मुंबईनं तरी वेगळं काय केलं? टिब्ब नावाच्या गृहस्थांनी बैरूतमध्ये गुंडाळलेली रोटी पाहिली आणि १९६९ मध्ये मुंबईत फ्रँकी आणली. आज कुठलाही कॉलेजातला पोरगा फ्रँकी मूळची लेबनॉनची म्हटलं तर भांडायला उठेल. शेजवान पियादिना, पनीर पियादिना आणि मॅगी पियादिना ही नावं बोर्डावर चढायला गडाखाली फार तर पंधरवडा लागला असता.

पण गड म्हणजे गड. पहिली अडचण मोहनाची. अस्सल पियादिनात डुकराची चरबी घालतात. हे वाक्य भाचा फोनवर जरा जोरात बोलला. पारावरच्या माळकऱ्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. सुदैवानं युरोपियन युनियनचे नियम दयाळू आहेत. चरबीऐवजी ऑलिव्हचं तेल चालतं. ऑलिव्हचं चालतं तर करडईचं का नाही, असं मावशींचं म्हणणं, आणि त्यावर ब्रसेल्सकडेही उत्तर असेल असं वाटत नाही. सारणातलं मांस आपोआप गेलंच. स्क्वाकेरोनेच्या जागी चक्का. रुकोलाच्या जागी करडईची कोवळी भाजी. चवीला ती थोडी उग्र असते, पण आमच्या भागात ती फुकट मिळते आणि हा गुण रुकोलात नाही. असं करत करत जे तयार झालं ते म्हणजे पोळीत करडईची भाजी आणि चक्का. अक्का म्हणाली, “हे तर मी त्याला डब्यात द्यायची. न खाता परत आणायचा मेला.” फोनवर रेंज गेल्याचं भाच्यानं तेवढ्यात जाहीर केलं.

दुसरी अडचण याहून अवघड. गडाला खरी गर्दी कधी? आषाढी एकादशीला. ज्यांना पंढरपूर जमत नाही ते धाकट्या पंढरीला येतात. रस्ता फुलून जातो. कुठल्याही हॉटेलवाल्याचं वर्षभराचं देणं फिटावं असा दिवस. आणि त्या दिवशी आलेला प्रत्येक माणूस उपाशी. उपाशी म्हणजे साबुदाणा, भगर, रताळी, शेंगदाणे, केळी, वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू एवढंच खाणारा. गव्हाला शिवायचं नाही. जगातल्या कुठल्याही गुंतवणूकदार कंपनीच्या अहवालात ‘सर्वाधिक ग्राहकसंख्येच्या दिवशी मुख्य पदार्थास मनाई’ ही जोखीम लिहिलेली नसेल. पोरांनी मात्र हार मानली नाही. राजगिऱ्याच्या पिठाची पियादिना, आत बटाट्याची उपवासाची भाजी. त्यावर कुणीतरी विचारलं, सोडा उपवासाला चालतो का? हा प्रश्न गडावर विचारायचा की डॉक्टरला, यावर त्या दिवशीची सभा बराच वेळ अडली.

तिसरी अडचण बायकांनी काढली, आणि तीच खरी शास्त्रीय. एवढा खटाटोप करायचा तर गहू कशाला, आपली ज्वारीच घ्या की! मालदांडीच्या मुलखात मैद्याची पोळी विकायची म्हणजे काय? पण ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेला जी ताण धरायची ताकद असते ती ग्लुटेनमुळेच, आणि म्हणूनच पुरणाचा गोळा आत कोंबला तरी पोळी फाटत नाही. ज्वारीच्या पिठाला गरम पाणी लावून कितीही मळा, ते थापून घेईल, पण लाटून, भरून, दुमडून घेणार नाही. दुमडलं की तडा. म्हणूनच आपल्या बायका धपाट्यात ज्वारीबरोबर गहू आणि बेसन घालतात. हे त्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलेलं नाही.

तरीही ज्वारीनं दुसरी वाट ठेवलेली आहे. थापलेली भाकरी तव्यावर पाणी फिरवून उलटली आणि नंतर निखाऱ्यावर किंवा जाळावर धरली की टम्म फुगते. वरचा पापुद्रा सुटतो. तो अलगद उचलायचा, आत तेलात कालवलेलं काळं तिखट किंवा ठेचा सारायचा आणि पापुद्रा परत मिटवायचा. आधी भरून मग भाजायची ती इटालियन क्रेशोनी. आधी भाजून मग भरायची ती आमची. शेतात जाणाऱ्याच्या धडप्यात शेकडो वर्षं हेच बांधलेलं असतं. दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाच्या फडाकडे निघणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या हजारो जोडप्यांचं सकाळचं, दुपारचं आणि कधी कधी रात्रीचंही तेच. पहाटे तीन-चारला उठून कोपीच्या दारात भाकरी थापणाऱ्या बाईच्या टपरीला पट्टे नसतात, एवढाच फरक.

रोमान्यात म्हणे तव्यालाही मान आहे. मोन्तेतिफ्फी नावाच्या डोंगरगावात अजून मातीचे तवे घडवतात, आणि जाणकार त्याच तव्यावरची पियादा मागतात. हे सांगितल्यावर एक माळकरी आजोबा इतका वेळ गप्प होते ते बोलले. “तव्याचं आम्हाला सांगू नका.” त्यांचं बरोबर होतं. मुक्ताईला मांडे करायचे होते, विसोबानं कुंभाराला दम देऊन खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानोबांनी जठराग्नी पेटवून पाठ तापवली आणि मुक्ताईनं तिच्यावर मांडे भाजले, ही कथा प्रत्येक कीर्तनात येते. भावाच्या पाठीवर पोळी भाजणाऱ्या परंपरेला मोन्तेतिफ्फीनं काय सांगावं?

आता खरी गोष्ट. इतकं सगळं असताना भाकरी दुमडून विकणारी टपरी आपल्याकडे का झाली नाही? झाली होती. सरकारनं केली होती. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. मुख्यमंत्री मनोहर जोशी, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. एसटी स्टँडवर, कचेरीसमोर, दवाखान्याच्या भिंतीला लागून टपऱ्या उभ्या राहिल्या. भाकरी, वर झुणका, हातात घ्यायची, उभ्यानं खायची, चालू लागायचं. पियादिना दुसरं काय असते? टपरी होती, पोळी होती, सारण होतं, रांगही होती. चुकलं फक्त एकच. बाजूला एक रुपया लिहिला होता.

एक रुपयाच्या वस्तूला गिऱ्हाईक नाव ठेवत नाही आणि मालक जीव लावत नाही. झुणका रोज थोडा पातळ होत गेला. भाकरी रोज थोडी लहान. मालकानं बाजूला चहा ठेवला, कारण चहात चार पैसे होते. चहाबरोबर बिस्किटं आली. मग वडापाव, मग शीतपेयं, मग गुटख्याच्या माळा. भाकरी कुठाय म्हणून विचारणाऱ्याला “संपली” असं उत्तर सकाळी नऊलाच मिळू लागलं. सरकार बदललं, योजना गुंडाळली, आणि बोर्ड तसाच राहिला. काही वर्षं महाराष्ट्रभर ‘झुणका-भाकर केंद्र’ या अक्षरांखाली ऑम्लेट, मंचुरियन, झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज अशा नाना वस्तू मिळत होत्या; झुणका आणि भाकर तेवढी सोडून. सरकारी जागेवरच्या त्या टपऱ्या हलवायला प्रशासनाला पुढं किती कागद काळे करावे लागले, त्याची गणती नाही. माणसानं एक रुपयात खाल्लेली भाकरी पचते. एक रुपयात मिळालेली जागा सोडवत नाही.

२०२० च्या प्रजासत्ताक दिनाला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. दोन चपात्या, भाजी, भात, वरण. पुढं करोनात ती पाचवर आली, नंतर काही काळ फुकट झाली. म्हणजे एकाच पोळीचा भाव तिकडं पन्नास वर्षांत चढत चढत पाचशेला गेला, इकडं तो दहावरून पाच आणि पाचवरून शून्य. उपाशी माणसाला ताट मिळावं हे योग्यच. त्यावर विनोद करणाऱ्याच्या जिभेला काटा लागो. पण धंदा म्हणून भाकरीकडे बघायचं आपल्याला सुचतच नाही, हे मात्र खरं. धाब्यावरसुद्धा भाकरी ‘जेवणाबरोबर’ येते, तिला स्वतःचं नाव नसतं.

त्याचं मूळ मला गडावर दिसतं. आमच्याकडे भाकरी विकायची वस्तूच नाही. वाढायची वस्तू आहे. गडांचा नारळी सप्ताह दरवर्षी गावं बदलत फिरतो. ज्या गावाला मान मिळाला ते गाव वर्षभर आधीपासून कामाला लागतं. काल्याच्या दिवशी पंगती बसतात तेव्हा पोळ्या ताटातून येत नाहीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात. पंचक्रोशीतल्या घराघरानं थापून आणि लाटून पाठवलेल्या. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची करपलेली. ब्रसेल्सवाल्यांनी फूटपट्टी घेऊन यावं. आणि ऑगस्ट २०२५ च्या शेवटी मुंबईत आझाद मैदानावर मराठा आरक्षणाचं आंदोलन सुरू झालं, मुंबईत खायला मिळेना अशी बातमी गावात आली, तेव्हा काय झालं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. आंदोलनाच्या बाजूचे असा की विरोधातले, भाकरीचे ते ढीग नाकारता येत नाहीत. गाड्या भरभरून भाकरी, ठेचा, चटण्या, लोणची. दोन-चार दिवस जगातलं सर्वात मोठं पियादिनेरिया मुंबईत, महापालिकेच्या इमारतीसमोर चालू होतं, आणि त्यात गल्ला नव्हता.

पोरांना हे ऐकायचं नव्हतं. त्यांचा बोर्ड तोवर फ्लेक्सवाल्याकडे डिझाइनला गेला होता. खाली लहान अक्षरांत ‘आज नगद, उद्या उधार’ टाकायचं ठरलं. एरवी ही पाटी कुठंही शोभते आणि कुणीच तिला जुमानत नाही. पण साक्षात नगद नारायणाच्या पायाशी ही ओळ लावल्यावर उधारी मागायला कुणाची जीभ वळेल, असा त्यामागचा विचार. आजवरच्या चर्चेत धंद्याचा म्हणावा असा हा एकच मुद्दा होता आणि तो सर्वात धाकट्या पोरानं काढला.

दर लावायची वेळ आली. करडईची भाजी, चक्का, करडईचं तेल, कागद, गॅस. मावशींनी बोटांवर धरलं आणि म्हणाल्या, साठ रुपये. परवडतं.

“आणि दुसरी मागितली तर?” अक्कानं विचारलं.

“दुसरीचे साठ,” पोरं म्हणाली.

“जेवणाऱ्याला दुसरी वाढायचे पैसे? गडाच्या पायथ्याला?” मावशी ताडकन उठल्या. “मग हे हॉटेल दुसऱ्या कुणाच्या तरी पत्र्याखाली टाका.”

फोनवर भाच्याची रेंज परत आली होती. तो सांगायला लागला की इटलीत प्रत्येक पियादिनाचे वेगळे पैसे पडतात, मीठ जास्त मागितलं तरी लोक आधी बघून घेतात. ते कुणी ऐकलं नाही. आबांनी हात वर केला आणि पाच हजार कोटींच्या कंपनीला तीस वर्षांत न सुचलेला तोडगा काढला.

“पहिलीचे एकशेवीस लावा. दुसरी फुकट.”

सभेनं मान डोलावली. ठराव मंजूर झाला असं लिहून घ्यायला एकानं मोबाइलही काढला. तेवढ्यात मागून आवाज आला, “आन् पहिली घरून आणली तर दुसरी मिळंल का?”